शेवटचे अकरा हात

संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत स्फटिक घासून गुळगुळीत करण्याचं काम चालायचं, आणि गेली एकतीस वर्षं ते काम एकच बाई करत होती. तिला सगळे काचबाई म्हणत. खरं तर काच तिच्या हाताखाली क्वचितच यायची. यायचे ते भट्टीत वाढवलेले, नखाएवढे पण नखरे डोंगराएवढे असलेले स्फटिक. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. तिची हरकत दोनच गोष्टींना होती. एक, खोलीत कुणी चपला घालून शिरलेलं. दुसरी, कुणी तिला ‘तेवढं जरा चमकवून द्या’ म्हटलेलं. या दुसऱ्या जातीच्या माणसाचा स्फटिक हमखास आठ दिवस उशिरा तयार व्हायचा.

दोन मजले वर तिची सून काम करायची. ती भौतिकशास्त्रातली संशोधक, आधी संस्थेत आली आणि मग घरात. स्फटिक न्यायला खाली यायची, तेव्हाच एकदा काचबाईंचा मुलगा आईचा विसरलेला चष्मा द्यायला आला होता. पुढे चष्मा महिन्यातून चारदा विसरला जाऊ लागला, यावरून काय ते समजावं. “स्फटिक न्यायला आली आणि मुलगा घेऊन गेली,” असं काचबाई भेटेल त्याला सांगायची, आणि ऐकणारा हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायची.

सुनेचं सहा वर्षांचं काम असं होतं. दोन वस्तू एकमेकींच्या अगदी जवळ आणल्या, म्हणजे केसाच्या जाडीचे अडीच हजार भाग करून त्यातला एक मधे ठेवावा इतक्या जवळ, तर त्यांच्यामधली पोकळी स्वस्थ बसत नाही. अंधार करा, गारठा करा, सगळं काढून घ्या, तरी प्रकाशाची एक बारीकशी थरथर तिथे उरतेच. ही थरथर दोन्ही वस्तूंना जवळ ओढते, हे पुष्कळांनी मोजलेलं होतं. पण वस्तूंना स्वतःची दिशा असेल, आतून एका बाजूने त्या वेगळ्या आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्या असतील, तर तीच थरथर त्यांना फिरवून एका रेषेत आणू बघते. सून मोजत होती ते हे फिरवणं. खाली एक स्फटिक. त्याच्यावर दिशा नसलेला पारदर्शक लेप. आणि लेपावर घड्याळाच्या पडद्यात असतं तसलं द्रव, ज्याचे कण सहज वळतात. स्फटिकाच्या आतल्या दिशेला, म्हणजे त्याच्या अक्षाला, द्रवाने लेपाच्या पलीकडून ओळखलं आणि पीळ घेतला, तर तो पीळ पोकळीने दिलेला.

“म्हणजे जे काहीच नाही, ते काहीतरी फिरवतं?” मुलाने एकदा जेवताना विचारलं होतं. तो शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचा आणि न दिसणाऱ्या बसगाड्यांबद्दल लोकांच्या शिव्या खायचा.

“हो,” सून म्हणाली.

“आणि याला सहा वर्षं?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि गुमान जेवू लागला. शहाणा मुलगा.

सुनेला पीळ सापडला होता. अगदी मोजून, पुन्हा पुन्हा, गणिताने सांगितला होता तेवढाच. निबंध लिहून नियतकालिकाकडे गेला आणि तिथल्या परीक्षकाचं पत्र आलं. परीक्षक खडूस पण सज्जन असावा. त्याने तीन पानं स्तुती केली होती आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता: स्फटिक घासताना पृष्ठभागावर बारीक चरे राहतात, द्रवाचे कण अशा चऱ्यांच्या दिशेने आपोआप वळतात, हे सर्वांना ठाऊक आहे, तर तुम्ही मोजलेला पीळ पोकळीचा नसून चऱ्यांचा नाही कशावरून?

त्या संध्याकाळी सुनेने उत्तराचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. मोठे सर, म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, त्यांनी तो मान्य केला होता. “आमचे स्फटिक फिरत्या यंत्रावर घासले जातात. यंत्र सर्व दिशांनी घासतं, त्यामुळे एका दिशेचे चरे पडण्याची शक्यता नाही.” एवढंच. उद्या अकरा वाजता पाठवायचं, आणि निबंध छापून येणार.

मुलाने टाळ्या वाजवल्या. काचबाईंनी मात्र तोंडातला घास गिळला तो दगडासारखा खाली गेला.

कारण यंत्र सगळ्या दिशांनी घासायचं, हे खरं. पण यंत्रावरून उतरलेल्या स्फटिकावर एक धुकट झाक राहायची. डोळ्याला न दिसणारी, तिच्या अंगठ्याला मात्र समजणारी. ती झाक घालवायला ती शेवटी स्फटिक हातात घ्यायची आणि मऊ काळ्या राळेच्या चकतीवर हलकेच अकरा हात द्यायची. सगळे एकाच दिशेने. तिला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी कानात सांगितलेली ही युक्ती होती. दगड स्वतःच सांगतो कुठून घास म्हणून, एका दिशेने तो लोण्यासारखा जातो आणि आडवा नेला की कुरकुरतो. आणि ती लोण्याची दिशा म्हणजेच अक्षाची दिशा. एकतीस वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. देशोदेशीच्या स्फटिकांपेक्षा आपले स्फटिक स्वच्छ का, याचं उत्तर तिच्या मनगटात होतं आणि ते तिथेच राहावं असं तिला वाटत होतं. नोंदवहीत ती लिहायची, ‘यंत्रावर पॉलिश.’

आता अक्ष आणि चरे एकाच रेषेत, म्हणजे द्रव कुणाचं ऐकून वळलं हे देवालाही सांगता येणार नव्हतं. आणि गप्प बसलं तर कुणाला काही कळणारही नव्हतं. मूग गिळून बसायचं, उत्तर जाईल, निबंध छापून येईल, सून मोठी होईल. काचबाई अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःला हे समजावत राहिली आणि स्वतःवरच चिडत राहिली.

सकाळी पावणेअकराला ती जिना चढून वर गेली. सुनेच्या खोलीत मोठे सर उभे होते आणि पत्र पाठवायची तयारी झाली होती.

“थांब,” काचबाई धापा टाकत म्हणाली. “ते खोटं आहे.”

“काय खोटं आहे, आई?”

“मी शेवटी हाताने घासते. अकरा हात. सगळे एका दिशेने.”

सुनेने अगदी हळू विचारलं, “कोणत्या दिशेने?”

“अक्षाच्या.”

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना काचबाईंनी पाहिला आणि तिला वाटलं, यापेक्षा जिन्यात पाय घसरला असता तर बरं झालं असतं.

“सहा वर्षं,” सून म्हणाली. “आई, सहा वर्षं! मी तुम्हाला पहिल्याच स्फटिकाच्या वेळी विचारलं होतं, कसं घासता म्हणून. तुम्ही म्हणालात, यंत्रावर.”

विचारलं होतं हे खरंच होतं.

“आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं की,” मोठे सर मधे पडले. “चरे दिसले नव्हते.”

“दिसले नाहीत म्हणजे नाहीत असं थोडंच आहे, सर,” सून म्हणाली. “आपण मोजतोय तेही दिसत नाही.” आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर घरात चार दिवस अबोला होता. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला, आणि तो भांडणापेक्षा वाईट. सून ताट वाढून द्यायची, “आई, मीठ,” म्हणायची आणि मीठ घेऊन पुन्हा गप्प. मुलगा दोघींच्या मधे बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. काचबाईंना स्वतःचं दुःख तर होतंच, शिवाय एक भीती होती. ही पोरगी मोजत होती ते खरंच पोकळीचं होतं, की सहा वर्षं ती आपल्या सासूचे अकरा हात मोजत होती?

चौथ्या दिवशी मुलाला कामावरून यायला उशीर झाला होता; दोघीच जेवत असताना काचबाईंनी चमचा खाली ठेवला.

“हात वाकडे दिले तर?”

सुनेने वर पाहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे अक्ष एकीकडे आणि हात दुसरीकडे. मुद्दाम. मग तुझं ते द्रव कुणाचं ऐकतं ते बघ. पोकळीचं ऐकलं तर अक्षाकडे वळेल, माझं ऐकलं तर माझ्याकडे. सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे एकदाचा.”

सून तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने ताट बाजूला सारलं, टेबलावर बोटाने दोन तिरक्या रेघा ओढल्या, त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या गालावर काहीतरी हललं.

“आई,” ती म्हणाली, “आणि कोन मला सांगायचा नाही. अक्ष कुठे, हात कुठे, काही नाही. स्फटिकाच्या कडेवर शाईचा एक ठिपका करा, तिथून अंश मोजा, दोन्ही आकडे कागदावर लिहून पाकीट सरांकडे द्या. मला माहीत असलं तर मी नकळत हवं तेच मोजेन.”

“तू स्फटिक उजेडात धरलास तर अक्ष अर्ध्या मिनिटात कळेल तुला.”

“म्हणून मी हात लावणार नाही. सरच बसवतील, सरच फिरवतील. मी फक्त पीळ मोजणार. आणि निकाल लागेपर्यंत तुम्ही या विषयावर माझ्याशी चकार शब्द बोलायचा नाही.”

“मंजूर,” काचबाई म्हणाली.

कपाटात त्या जातीचा एकच स्फटिक उरला होता. पुढचा भट्टीतून निघायला पाच महिने होते आणि परीक्षकाने मुदत दिली होती सहा आठवड्यांची. काचबाईंनी तो यंत्रावर घासला, उतरवला, अक्ष शोधला, ठिपका केला आणि चकती पुढे ओढून पहिला वाकडा हात दिला. स्फटिक कुरकुरला. दुसरा, तिसरा. सहाव्या हाताला तिला बरं वाटू लागलं, सातवा तर कसा लोण्यासारखा गेला, आणि तिथेच ती दचकून थांबली. लोण्यासारखा? मनगट गुपचूप वळलं होतं. एकतीस वर्षांच्या सवयीने ते दगडाचं ऐकून आपल्या जुन्या दिशेला परत निघालं होतं.

तिने कपाळाला हात लावला आणि स्फटिक पुन्हा यंत्रावर चढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी नवव्या हाताला. प्रत्येक वेळी स्फटिक थोडा पातळ होत होता. आणखी एक खेप, फार तर. त्यानंतर तो सुनेच्या कामाचा राहिला नसता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काचबाई खोलीत आली, दाराला आतून कडी घातली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. शिकाऊ लोकांना ती ज्यावरून टोमणे मारायची ते जाड रबरी हातमोजे तिने कपाटातून काढून चढवले. अंगठ्याला दगड समजणंच बंद केलं. चकतीवर स्टीलची पट्टी घट्ट बसवली, तीही तिच्या मते नवशिक्यांची कुबडी. आणि मग पट्टीला चिकटून, जीव मुठीत धरून, आंधळ्या हातांनी तिने अकरा हात दिले. दगड कुरकुरत असेल तर कुरकुरो, तिला ऐकूच येत नव्हतं. अकरावा झाल्यावर मोजे काढून तिने पृष्ठभाग तिरक्या उजेडात पाहिला. झाक नव्हती. ओरखडा नव्हता. तिने आकडे कागदावर लिहिले, पाकीट डिंकाने चिकटवलं आणि स्फटिकाच्या डबीसकट वर जाऊन मोठ्या सरांच्या हातात दिलं.

“झालं?” सरांनी विचारलं.

“माझं झालं,” ती म्हणाली. “आता त्या पोकळीची पाळी.”

मोजणी नऊ दिवस चालली. घरात पुन्हा शांतता, पण आता ठरवून. दोघींचं रोजचं बोलणं म्हणजे नव्वद टक्के कामाचं, तेच बंद झाल्यावर उरलेल्या दहा टक्क्यांत किती दिवस काढणार? एक दिवस हवापाण्यावर बोलून झालं. एक दिवस पडदे धुवायचे का यावर. मग तेही संपलं. काचबाईंना रोज सुनेचा चेहरा वाचावासा वाटायचा आणि ती मान खाली घालून जेवायची, कारण आपला चेहरा ती वाचेल ही भीती जास्त.

सहाव्या दिवशी मुलाने आईला बाजूला घेतलं. “आई, तिचं काही चुकलं असेल तर मी माफी मागतो.”

“तिचं काही चुकलेलं नाही.”

“मग तुझं चुकलं असेल तर तू माग.”

“माझ्या परीने मागून झाली.”

“मग आता हे काय चाललंय?”

“विज्ञान,” काचबाई म्हणाली. मुलगा तोंडाचा आ करून बघत राहिला.

विनोद करायला ठीक होतं, पण आतून तिची पाचावर धारण बसली होती. तिला दोन्ही आकडे पाठ होते. अक्ष चौसष्टवर, हात एकोणतीसवर. रोज वाटायचं, आज ही दारातून येईल आणि ‘एकोणतीस’ म्हणेल. मग सहा वर्षांचं काय, हिच्या डोळ्यांतल्या त्या उजेडाचं काय? सासू म्हणून नव्हे, नुसतं एक कामकरी माणूस म्हणून तिला ती पोरगी जिंकायला हवी होती. इतकी की तिने आयुष्यात स्वतःसाठी काही इतकं मागितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी भर दुपारी खालच्या खोलीतला फोन वाजला. मोठे सर म्हणाले, “काचबाई, वर या.”

खोलीत पडदे ओढलेले होते आणि यंत्राचा बारीक घूं आवाज येत होता. सरांच्या हातात ते पाकीट होतं. सून फळ्याजवळ उभी होती. केस विस्कटलेले, खडूने माखलेली बोटं. फळ्यावर ठिपक्यांची एक लाट होती, वर जाणारी, खाली येणारी आणि मधे एका जागी शांत रेघेला टेकणारी.

“द्रवाला जिथे पीळच उरत नाही, कण जिथे आपणहून स्वस्थ बसतात, ती जागा मी शोधली,” सून म्हणाली. आवाज कोरडा होता. “चार वेळा शोधली, सर. लेप पातळ केला तर लाट वाढते, जाड केला तर मावळते, पण जागा तीच. आता आकडा सांगते, मग पाकीट फोडा.”

“सांगा,” सर म्हणाले.

काचबाई जवळच्या खुर्चीत बसली.

“चौसष्ट,” सून म्हणाली. “अर्धा अंश इकडेतिकडे.”

सरांनी पाकिटाच्या कडेला बोट घातलं, पण तेवढा धीर कुणाला होता?

“बरोब्बर!” काचबाई खुर्चीतून उठून एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरच्या बोळातून जाणारा माणूस थबकला. “अगं बरोब्बर! चौसष्ट! अक्ष चौसष्टवरच आहे! माझे हात पार तिकडे एकोणतीसवर, त्यांना विचारलं कुणी नाही! कुत्र्यानेसुद्धा विचारलं नाही माझ्या हातांना!”

“अहो, पाकीट तरी फोडू द्या,” सर म्हणाले, आणि नियम म्हणून त्यांनी ते फोडलं, कागद उलगडला, चष्मा वर करून वाचला. ‘अक्ष ६४. हात २९.’ त्यांनी कागद फळ्यावर ठिपक्यांच्या शेजारी चिकटवला आणि ज्या माणसाला कधी कुणी टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं, तो उभ्याने टाळ्या वाजवू लागला.

सून फरशीवरच बसली. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. काचबाई गुडघ्यांची पर्वा न करता तिच्या शेजारी बसली, आणि सुनेने तिच्या गळ्यात हात टाकले ते खडूसकट.

“मला वाटलं होतं मी तुला बुडवलं,” काचबाई म्हणाली.

“तुम्ही ते वाकडे हात दिले नसते तर माझ्याकडे काय होतं? नुसता अंदाज,” सून नाक पुसत म्हणाली. “आता कुणाची हिंमत आहे चरे म्हणायची? म्हणू दे ना कुणी!”

संध्याकाळ व्हायच्या आत परीक्षकाला द्यायचं उत्तर लिहून झालं. सुनेने संगणकाचा पडदा काचबाईंकडे वळवला. “वाचा. आणि चूक असेल तर सांगा.”

काचबाईंनी चष्मा लावला. आकडे, लाट, कोन सगळं नीट होतं. पण वर, अगदी पहिल्याच परिच्छेदात, लिहिलं होतं: ‘आमच्या स्फटिकांवर शेवटी हाताने, एकाच दिशेने, अकरा हात दिले जातात. ही गोष्ट आमच्या कोणत्याही नोंदीत नव्हती, आणि ती कळली नसती तर तुमच्या प्रश्नाला आम्ही चुकीचं उत्तर पाठवलं असतं. ती आम्हाला पॉलिश करणाऱ्या बाईंनी स्वतः वर येऊन सांगितली.’

“हे कशाला?” ती पुटपुटली. “जगभर बोभाटा होईल. आणि माझी युक्तीही गेली चव्हाट्यावर.”

“जाऊ दे चव्हाट्यावर. आई, हे वाक्य काढलं तर खालच्या आकड्यांवर कुणी का विश्वास ठेवावा?”

काचबाईंना सुनेचं म्हणणं पटलं होतं, पण तेवढ्याने गप्प बसेल ती काचबाई कसली?

“बरं, असू दे. पण ‘पॉलिश करणाऱ्या बाई’ काय? असं लिहितात होय? माणसाला हुद्दा असतो.”

“बरोबर आहे,” मोठे सर मागून म्हणाले. “हुद्दा हवाच.”

सुनेने मान डोलावली. तिने ‘पॉलिश करणाऱ्या बाईंनी’ एवढे शब्द पुसले आणि त्या जागी सावकाश टाइप केलं: ‘या निबंधाच्या दुसऱ्या लेखिकेने.’

काचबाईंनी ते वाक्य एकदा वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं. सून आणि सर दोघेही ती काय म्हणते याची वाट बघत होते. पुढे वाकून, खडूने माखलेला सुनेचा हात बाजूला सारून, तिने पाठवायचं बटण स्वतःच्या अंगठ्याने दाबलं.